दरिद्री मातीचा कैवार

निसर्गातील ज्या वस्तू पाहून मनुष्याचे कुतूहल तत्काळ जागृत होते, त्यांच्या वाट्याला संरक्षण लवकर येते, आणि ज्या अनाकर्षक परिस्थितीने त्या वस्तूंना जन्म दिलेला असतो तिच्या वाट्याला मात्र उपेक्षा येते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याची दखल घेण्याचेही आपण सोडून दिले आहे. मेघालयाच्या डोंगरांत वाढणारी घटपर्णी हे या अन्यायाचे ठळक उदाहरण होय. नेपेंथिस खासियाना हे तिचे शास्त्रीय नाव. भारतात निसर्गतः वाढणारी घटपर्णीची ही एकमेव जाती. कायद्याने तिला अभय दिले आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत तिचे चित्र हटकून छापलेले असते. आणि एवढे असूनही जागतिक सूचीत तिची गणना संकटग्रस्त जातींत करावी लागते. या विसंगतीचे मूळ, माझ्या मते, आपल्या कौतुकाच्या दिशेत आहे. आपण तिच्या घटावर दृष्टी खिळविली. तो घट ज्या निःसत्त्व मातीमुळे अवतरला, त्या मातीचा विचार शास्त्राने केला, पण सरकारी दप्तराने आणि लोकमताने केला नाही.

प्रथमदर्शनी फूल वाटणारा हा घट वस्तुतः पान आहे, आणि पानाच्या एकेका अवयवाने आपले नित्याचे काम सोडून दुसऱ्याचे काम कसे पत्करले याचा तो विलक्षण दाखला आहे. वनस्पतिशास्त्राच्या रूढ मांडणीप्रमाणे, सामान्य पानात जो तळाचा भाग खोडाला चिकटून नाममात्र राहतो, तो येथे रुंद होऊन हिरव्या पात्यासारखा पसरतो आणि सूर्यप्रकाशातून अन्न तयार करण्याचा भार उचलतो; देठ लांब होऊन ताण्याचे रूप घेतो व मिळेल त्या आधाराला विळखा घालतो; जे खरे पाते, ते पोकळ घटाच्या आकाराला येते; आणि पानाचे टोक त्या घटावरचे झाकण बनते. भक्ष्य आत पडताच हे झाकण मिटते, असा जो समज अद्भुतकथांनी पसरविला आहे, त्याला काडीचाही आधार नाही. घट पक्व झाला की झाकण एकदाच उघडते आणि पुढे तसेच उघडे राहते. पावसाचे पाणी सरळ आत कोसळून तळाचा रस पातळ होऊ नये, ही त्याची मुख्य कामगिरी.

स्वतः जागचे न हलता शिकार साधणे, ही या रचनेची खरी चतुराई. झाकणाच्या खालच्या बाजूस आणि तोंडाच्या कडेवर मधुरस स्रवतो. केरळातील पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे दाखविले की, अतिनील प्रकाशात खासियानाच्या घटाची कड निळसर प्रभेने उजळते, आणि ती प्रभा झाकून टाकली असता घटात सापडणाऱ्या कीटकांची संख्या घटते; घटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक असतो व तोही कीटकांना खेचून घेतो, असे त्याच संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रतिपादन केले. कडेवर अतिसूक्ष्म पन्हळी असतात. पाऊस किंवा दव पडले म्हणजे पाणी त्यांतून पसरून त्याचा पातळ थर होतो, आणि मग श्रावणात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर माणसाचा पाय ठरत नाही तसा मुंगीचा पाय त्या कडेवर ठरत नाही. ही कड कोरडी असताना निरुपद्रवी आणि ओली असताना घातक असते, हे होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले यांनी २००४ मध्ये बोर्निओतील एका जातीवर प्रयोग करून सिद्ध केले. आणि २०११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी याच कडेचे अनुकरण करून असा कृत्रिम पृष्ठभाग तयार केला की ज्यावर पाणी, तेल, रक्त यांपैकी काहीच टिकून राहत नाही. घसरून आत गेलेल्या कीटकाला मेणचट भिंत वर चढू देत नाही, तळाच्या रसात तो बुडतो, आणि त्या रसातील पाचक विकरे त्याच्या देहातले नत्र व स्फुरद सोडवून घेतात.

येथवरची हकिकत बहुतेक सुशिक्षित वाचकांच्या कानांवरून केव्हा ना केव्हा गेलेली असते. जी जात नाही ती अशी की, हा सारा खटाटोप वनस्पतीने हौसेखातर केलेला नसून नाइलाजाने केलेला आहे. ज्या प्रदेशात चेरापुंजी आणि मौसिनराम ही जगातील सर्वाधिक पावसाची ठिकाणे आहेत, तेथील अम्लधर्मी मातीतून नत्रादी द्रव्ये पावसाबरोबर अव्याहत वाहून जातात. सूर्यप्रकाश भरपूर, पाणी भरपूर, आणि मुळांना मिळावयाचे पोषण जवळजवळ नाही, अशा ठिकाणीच घट बांधणे परवडते. कारण घट बनलेले पान सूर्यप्रकाशातून अन्न करण्याच्या कामी सपाट पानाहून उणे पडते, आणि ही तूट कीटकांपासून मिळणाऱ्या नत्राने भरून निघाली तरच व्यवहार फायद्याचा ठरतो. थॉमस गिव्हनिश या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये हा जमाखर्च व्यवस्थित मांडून दाखविला, आणि कीटकभक्षी वनस्पती दाट सावलीत किंवा कोरड्या जागी सहसा का आढळत नाहीत, याचा उलगडा त्यामुळे झाला.

या जमाखर्चाची सर्वांत बोलकी कसोटी उत्तर अमेरिकेत लागली. तेथील पाणथळ जागी सॅरासेनिया पर्पुरिया नावाची घटपर्णी वाढते. आपल्या खासियानाशी तिचे कुळाचे नाते नाही. दोघींनी घटाची युक्ती स्वतंत्रपणे साधलेली आहे. ॲरन एलिसन आणि निकोलस गोटेली यांनी २००२ मध्ये असे प्रसिद्ध केले की, या वनस्पतीला नत्र अधिक मिळू लागले म्हणजे तिचे घट आक्रसतात, पानाची कड रुंद होऊन पान सपाट होऊ लागते, आणि ती कीटकभक्षणाचा मार्ग सोडून इतर वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर विसंबते. प्रयोग सोडले, तर हे अधिकचे नत्र तेथे कोणी मुद्दाम घालत नाही. मोटारींचा व कारखान्यांचा धूर आणि शेतांवरची खते यांतून ते हवेत जाते व पावसावाटे खाली उतरते. माती सुधारली तर या वनस्पतीचे कल्याण होईल, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण सुधारलेल्या मातीत गवत व झुडपे जोमाने वाढतात, आणि जिने दारिद्र्यात जगण्याची विद्या संपादन केली होती तिला त्या समृद्धीत जागाच उरत नाही.

आपली नजर मातीऐवजी घटाकडेच का वळली, याला इतिहास आहे. वनस्पतीने प्राण्याला खावे ही कल्पना अठराव्या शतकात लिनियससारख्या महापंडिताला सृष्टिक्रमाच्या विरुद्ध वाटली. पुढे जोसेफ डाल्टन हूकर याने, ज्याने १८७३ मध्ये आपल्या खासियानाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले त्यानेच, नेपेंथिसच्या घटांत अंड्याचा पांढरा बलक, मांसाचे तुकडे वगैरे घालून त्यांचे पचन कसे होते हे पाहिले, आणि १८७४ मध्ये बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात हा विषय मांडला. दुसऱ्याच वर्षी डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ निघाला. डार्विनचा पुत्र फ्रान्सिस याने १८७८ मध्ये दवबिंदू वनस्पतीच्या काही रोपांना मांस भरवून व काहींना उपाशी ठेवून, भरविलेल्या रोपांना अधिक बी धरते हे दाखविले, तेव्हा शंकेला जागा राहिली नाही. या शास्त्रज्ञांना पोषणाचा प्रश्न पुरता समजला होता. परंतु त्यांच्या संशोधनातून जनतेने उचलला तो फक्त विस्मय, आणि विस्मयाच्या मागोमाग संग्रहाचा हव्यास आला. स्वतः हूकर १८५० मध्ये खासी डोंगरांत हिंडला, तेव्हा त्याने निळ्या वांडाची, म्हणजे एका नयनरम्य आमरीची, सात माणसांना वाहून न्यावी लागतील इतकी रोपे विलायतेस पाठविण्यासाठी गोळा केली आणि त्यांपैकी फारच थोडी जिवंत पोहोचली, ही नोंद त्याच्याच प्रवासग्रंथात आहे. त्या काळच्या विद्वत्तेचा हा शिरस्ता होता. तो आता संपला असे म्हणावे, तर आपल्याकडील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील, घटपर्णीचे नमुने ठेवलेल्या फॉर्मेलिनच्या बरण्या आठवतात.

'मांसाहारी' या बिरुदाने तरी या पानाची खरी ओळख होते काय? बोर्निओच्या पर्वतांवरील नेपेंथिस लोवाय या जातीचे घट वृक्षचिचुंदरीला झाकणावरचा गोड स्राव चाटू देतात आणि तिची विष्ठा झेलून तिच्यातले नत्र घेतात. त्याच बेटावरील नेपेंथिस हेम्सलेयाना या जातीच्या घटात चिमुकली वटवाघळे दिवसा विश्रांती घेतात. घटाच्या मागच्या भिंतीचा आकार असा की वटवाघळाच्या ध्वनिलहरी तिच्यावरून स्पष्ट परावर्तित होतात व त्याला अंधारात आपले घर सापडते, आणि भाडे म्हणून ते आपली विष्ठा मागे ठेवते. नेपेंथिस ॲम्प्युलारिया तर जंगलाच्या तळाशी घट उघडे ठेवून वरून पडणारा पालापाचोळा बराचसा पचविते. एका वंशातल्या खासियानाने आणि या तीन जातींनी मिळून हिंसा, आतिथ्य आणि सफाई असे भिन्न मार्ग धरले. परंतु सर्वांची गरज एकच होती. तेव्हा या वनस्पतींची व्याख्या त्यांच्या भक्ष्यावरून करण्यापेक्षा त्यांच्या जमिनीवरून करणे अधिक सयुक्तिक होईल.

आता कायद्याकडे वळू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण आले, आणि ज्या मोजक्या सहा नोंदींना संरक्षण मिळाले त्यांत निळ्या वांडाच्या जोडीने घटपर्णीचेही नाव होते. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ती आहे. मेघालयाच्या दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्या नावाने अभयारण्य स्थापन झाले आहे. पण त्याचे क्षेत्र तीन हेक्टरांहूनही कमी, म्हणजे आपल्याकडील एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीएवढे. शिवाय घटपर्णीत नर व मादी झाडे वेगवेगळी असतात, हे लक्षात घेतले म्हणजे आक्रसत चाललेल्या तुटक तुकड्यांत तिची संतती किती दैवाधीन होत असेल, याची कल्पना येईल. कायद्याच्या कलमाचा रोख तोडणे, उपटणे, बाळगणे आणि विकणे या कृत्यांवर आहे, आणि तोडण्या-उपटण्याच्या मनाईची हद्द मुख्यतः वनजमिनीपुरती आहे. मेघालयात तर बहुतांश जंगल सरकारी नसून कुळांच्या, गावसमाजाच्या किंवा खासगी मालकीचे; गारो टेकड्यांत कुळाच्या जमिनीचा कारभार नोकमा पाहतो. त्या जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे. एक घट तोडणारा मनुष्य कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. सबंध उतार खणून काढणाऱ्याला मात्र घटपर्णीच्या नावाने सहसा कोणी जाब विचारीत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये मेघालयातील उंदीरबिळासारख्या कोळसाखाणींवर बंदी घातली, तीही मुख्यतः दूषित होणाऱ्या नद्या व खाणीत मरणारी माणसे यांच्यासाठी, आणि ते योग्यच होते. परंतु त्या जमिनीच्या बाजूने, जमीन म्हणून, बोलणारे कोणी नव्हते.

या बाबतीत महाराष्ट्राने दुरून उपदेश करण्याचे कारण नाही, कारण आपल्या दप्तराची भाषा याहून निराळी नाही. घटपर्णी आपल्याकडे उगवत नाही. पण तिच्याच अडचणीवर तोडगा काढणाऱ्या दुसऱ्या वनस्पती आपल्या जांभ्याच्या सड्यांवर आणि पठारांवर दर पावसाळ्यात येतात. पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटे धरणारी दवबिंदू आणि पाण्यातील सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत ओढून घेणारी सीतेची आसवे ही दोन्ही साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलतात. २०१२ मध्ये त्या पठाराला सह्याद्रीतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला आणि तेथे कुंपण, तिकीट व पहारा आला. कोकणातले जे सडे तितके प्रसिद्ध नाहीत, त्यांवर मात्र जांभ्याच्या चिरेखाणी चालतात, किंवा कातळाला सुरुंग लावून खड्डे करून, त्यांत बाहेरची माती भरून आंब्याची कलमे लावली जातात. महसूल खात्याच्या लेखी ही जमीन बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य आणि म्हणून आकारणीतून वगळलेली. केंद्र सरकारनेही उपग्रहांच्या साह्याने पडीक जमिनींचे नकाशासंग्रह वेळोवेळी प्रसिद्ध केले आहेत. त्यांत उघडा कातळ पडीक ठरतो, आणि मेघालयासारख्या राज्यातील फिरत्या शेतीची सोडून दिलेली जमीनही पडीकच ठरते. जिच्यापासून शेतसारा येत नाही ती जमीन निरुपयोगी, हा जमाबंदीचा दंडक होता. सारा वसूल करणाऱ्या राजवटीला तो शोभत होता. ती राजवट गेली, दंडक राहिला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. डोंगरातल्या किंवा कातळावरच्या मनुष्याला, तुझी जमीन निकस आहे ती निकसच राहू दे, असे सांगण्याचा अधिकार शहरातल्या लेखकाला कोणी दिला? खाणीची मजुरी, चिऱ्याचे पैसे, आंब्याचे उत्पन्न यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांना नत्राच्या अभावाचे वैभव ऐकवून काय उपयोग? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. निसर्गरक्षणाचा सारा खर्च ज्याच्या जमिनीत दुर्मीळ वनस्पती उगवली त्याच्यावरच टाकावा आणि आनंद मात्र इतरांनी घ्यावा, ही रीत अन्यायाची आहे, आणि ती अन्यायाची असल्यामुळेच अयशस्वीही ठरते. पण आक्षेपाचा उरलेला अर्धा मान्य होण्याजोगा नाही. कारण जमीन विकून किंवा खणून मिळणारा पैसा एका पिढीत संपतो, आणि दर पावसाळ्यात त्या उतारावरून झिरपत येणाऱ्या पाण्यावर खालची जी गावे जगतात त्यांचा हिशेब त्या व्यवहारात कोणी धरीत नाही. निकस जमीन ही उत्पन्नाच्या दृष्टीने निकस असते. तिच्याकडून होणारी इतर कामे दप्तरात लिहिलेली नसतात, एवढ्यावरून ती होत नाहीत असे ठरत नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. पडीक व पोटखराब या सदराखाली नोंदलेल्या ज्या जमिनींवर निकस मातीवरच जगणारा वनस्पतिसमूह आहे, त्यांची जिल्हावार पाहणी करून त्यांच्यासाठी अधिकार-अभिलेखात वेगळे सदर करावे, आणि अशा जमिनीच्या 'सुधारणे'साठी सरकारी अनुदान देण्यापूर्वी त्या पाहणीचा अहवाल पाहणे बंधनकारक असावे. मेघालयात सरकारने अभयारण्यासाठी आणखी चार हेक्टर जमीन संपादन करण्यापेक्षा, नोकमा व कुळे यांच्याशी लेखी करार करून, जो उतार ते राखतील त्याचा वार्षिक मोबदला त्यांना द्यावा. ज्या जमिनीवर सरकारची मालकी नाही तेथे हुकमापेक्षा करार अधिक टिकतो. महाविद्यालयांनी रानातून उपटलेले नमुने घेणे पूर्णतः बंद करावे. खासियानाची रोपे ऊतिसंवर्धनाने तयार करता येतात, हे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलेले आहे. आणि क्रमिक पुस्तकांच्या लेखकांनी घटपर्णीचा धडा घटाच्या चित्राने सुरू न करता मातीच्या पृथक्करणाने सुरू करावा, म्हणजे विद्यार्थ्याला आधी प्रश्न कळेल आणि मग उत्तराचे कौतुक वाटेल.

वार्षिक मोबदला सोडला, तर यांपैकी कोणत्याही सूचनेला फार मोठा खर्च लागत नाही. लागतो तो नोंदवहीतील एका सदराचा बदल, आणि त्यामागे असावयाची ही कबुली की, जमिनीची योग्यता ठरविण्याचे माप एकटे पीक असू शकत नाही. पुढच्या वेळी एखाद्या जिल्ह्यात पडीक जमिनीच्या विकासाची योजना जाहीर होईल, तेव्हा तीवर हरकती मागविण्याची मुदत असेल. त्या मुदतीत वनस्पतिशास्त्राच्या एकेका अध्यापकाने त्या जमिनीवर काय उगवते याची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल केली, तर निदान यापुढे कोणाला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.